कोरसच्या वाट्याचा विनोद

इंग्लंडातल्या एखाद्या गावच्या हौशी गायकमंडळाला वर्षभर ‘मसीहा’सारखे धीरगंभीर काही गाऊन हलकीफुलकी संध्याकाळ करावीशी वाटली, की हात हमखास शब्दकार गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन यांच्या ‘ट्रायल बाय ज्युरी’ या विनोदी ऑपेराकडे जातो. कारणे अगदी व्यवहारी आहेत. प्रयोग सुमारे चाळीस मिनिटांचा. गद्य संवाद एकही नाही, सगळे गाऊनच. नेपथ्य म्हणाल तर एक कोर्ट. आणि रांगेने बसलेले गायकमंडळ मुळातच कोर्टातल्या गर्दीसारखे दिसते!

लग्नाचे वचन मोडणाऱ्या तरुणावर त्याच्या वाग्दत्त वधूने भरलेला हा खटला. ज्युरीतले सद्गृहस्थ तिला पाहताच निःपक्षपातीपणा गुंडाळून ठेवतात, आणि निकालाची भानगड नको म्हणून न्यायाधीशच तिच्याशी लग्न ठरवून मोकळा होतो. डब्ल्यू. एस. गिल्बर्टने काही काळ वकिली केली होती, पण ती फारशी चालली नाही. ते अशिलांचे नुकसान असेल. रंगभूमीचे नक्कीच नव्हे. २५ मार्च १८७५ रोजी लंडनच्या रॉयल्टी थिएटरात हा खेळ प्रथम झाला, तोही ऑफेनबाखच्या ‘ला पेरिकोल’ला जोड म्हणून.

खरी गंमत कोरसमध्ये आहे. ऑपेरातला समूह एरवी मागे उभा राहून नायकाच्या सुखदुःखाला स्वर पुरवतो. गिल्बर्टने त्याला पात्र केले आणि थट्टेचा मोठा वाटा त्याच्या पदरात घातला. ‘एचएमएस पिनाफोर’मध्ये (१८७८) नौदलमंत्र्यामागे बहिणी-आत्या-मावश्यांचे लटांबर येते. ‘आयोलॅन्थी’त (१८८२) एकीकडे पऱ्या, दुसरीकडे लॉर्डसभेचे सभासद. सलिव्हन अशा दोन गटांना आधी वेगवेगळ्या चाली देतो आणि मग त्या एकमेकींवर चढवतो. ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’मध्ये नायक-नायिका वॉल्ट्झच्या लयीत प्रेमात पडतात, त्यांच्याकडे आपले लक्षच नाही असे दाखवायला बाकीच्या मुली दोन मात्रांच्या भरधाव चालीत हवेपाण्याच्या गप्पा हाणतात. सोळा-अठरा जणींनी शब्द एकाच क्षणी उच्चारले नाहीत, तर विनोदाचा नुसता गलबला होतो. विनोदी गाणे सोपे असते, हा समज पहिल्याच तालमीत गळून पडतो.

त्याच सुमारास, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. आपल्या संगीत नाटकात नांदीला सगळे एकत्र. पुढे पदे मुख्यतः प्रमुख पात्रांची आणि वन्समोरही त्यांनाच. तिकडे गावोगावच्या गायकांना गिल्बर्ट जवळचा वाटला तो यामुळे, की त्यात मागच्या रांगेलाही काम होते.

ती जवळीक लगेच दिसली. ‘पिनाफोर’ लंडनमध्ये येऊन वर्षही झाले नव्हते, तोच एप्रिल १८७९मध्ये टेम्सकाठच्या किंग्स्टनच्या ‘हार्मोनिस्ट्स कोरल सोसायटी’ने तो तिथल्या ड्रिल हॉलमध्ये केला. हौशी मंडळींचा हा पहिला ज्ञात प्रयोग मानला जातो. पुढे कितीतरी वर्षे प्रयोगाचे हक्क हे खेळ रंगभूमीवर आणणाऱ्या डॉइली कार्ट कंपनीच्या मुठीत राहिले. हौशी मंडळांनी रीतसर परवानगी घ्यायची आणि रंगसूचनाही कंपनीच्याच पाळायच्या, असा खाक्या. गिल्बर्ट १९११मध्ये वारला. पन्नास वर्षांची मुदत १९६१अखेर सरली, तेव्हा कुठे त्याचे शब्द मोकळे झाले.

गायकमंडळाच्या हलक्याफुलक्या संध्याकाळच्या उरलेल्या भागात बहुधा फ्लँडर्स आणि स्वान असतात. १९५६च्या ३१ डिसेंबरला या दोघांनी नॉटिंग हिलच्या एका छोट्या थिएटरात पियानो आणि विनोदी गाणी एवढ्याच भांडवलावर ‘ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट’ सुरू केले. चिखलात लोळणाऱ्या पाणघोड्यांवरचे त्यांचे गाणे तर प्रेक्षकांनाही ध्रुपदात ओढते.

आणि गिल्बर्ट-सलिव्हनच्या ‘मिकाडो’तली यादी? जगात नसले तरी चालेल अशा माणसांची यादी को-को हा जल्लाद गातो. तिच्यात ताजी नावे घुसवण्याची प्रथा जुनी आहे. त्यामुळे १८८५च्या या गाण्यात आज मोबाइल वाजवणारा प्रेक्षक येतो, रस्त्यातले खड्डे न बुजवणारी नगरपालिका येते, आणि संचालकाची सहनशक्ती शाबूत असेल तर तालमीला रोज उशिरा येणारा टेनरही.