मार्शल डिलनचा उजवा पाय

आजची गोष्ट लढाईची आहे आणि टीव्हीचीही. माणूस मात्र एकच. त्याचं नाव जेम्स आर्नेस.

जन्म 26 मे 1923, अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात. उंची सहा फूट सात इंच. पोराला नौदलात लढाऊ वैमानिक व्हायचं होतं, पण उंचीची मर्यादा आडवी आली. 1943 मध्ये तो लष्करात गेला आणि तिसऱ्या इन्फंट्री डिव्हिजनमध्ये साधा रायफलवाला शिपाई झाला.

22 जानेवारी 1944 रोजी दोस्तांच्या फौजा इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर उतरल्या. बोटीतून पहिला कोण उतरणार? हुकूम झाला, आर्नेस. कारण काय, तर सगळ्यात उंच तोच, पाणी किती खोल आहे ते कळेल! ज्या उंचीमुळे विमान हुकलं, त्याच उंचीने त्याला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. फौजेचा हिशोब असा असतो.

काही दिवसांतच मशीनगनच्या गोळ्यांनी त्याच्या उजव्या पायाची हाडं फोडली. त्याला ब्राँझ स्टार आणि पर्पल हार्ट ही पदकं मिळाली. पर्पल हार्ट म्हणजे शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला मिळणारं पदक, आपल्याकडे पराक्रम पदक आहे तसं. याच इटलीच्या मोहिमेत, त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी प्राण देऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तेव्हा ती लढाई आपल्याला परकी नाही.

आर्नेस मायदेशी परतला तो स्ट्रेचरवरून. शस्त्रक्रिया, प्लास्टर, महिनोन्‌महिने खाट. जानेवारी 1945 मध्ये फौजेने त्याला मोकळं केलं. वय एकवीस, पाय कायमचा दुखरा.

इथे मला थोडं माझं सांगू द्या. नोकरीत असताना माझ्या कंपनीतल्या एका जवानाचा पाय सुरुंगावर गेला. मी लष्करी इस्पितळात भेटायला गेलो. त्याने विचारलं, "साहेब, आता मी कशाच्या कामाचा?" मी म्हणालो, "सगळं ठीक होईल." त्याने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. आज इतकी वर्षं झाली, ते उत्तर मला अजून टोचतं. त्याने काम विचारलं होतं आणि मी धीर दिला.

आर्नेसला भेटायला त्याचा धाकटा भाऊ पीटर आला. धीर त्यानेही दिला, पण सोबत एक नेमकी वाट दाखवली. रेडिओत काम मिळेल का बघ, म्हणाला. रेडिओला पाय लागत नाहीत, आवाज लागतो. आर्नेसने ते मनावर घेतलं. मिनियापोलिसच्या एका केंद्रावर निवेदक झाला, तिथून हॉलिवूड गाठलं. पुढे हाच पीटर, पीटर ग्रेव्हज या नावाने, 'मिशन: इम्पॉसिबल' मालिकेचा नायक झाला.

सिनेमात सुरुवातीला छोट्या भूमिका. 1951 च्या 'द थिंग'मध्ये तर परग्रहावरचा राक्षस, चेहरासुद्धा ओळखू येऊ नये असा. मग 10 सप्टेंबर 1955 रोजी सीबीएसवर 'गनस्मोक' सुरू झाली. पहिल्या भागाआधी खुद्द जॉन वेनने पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी त्याची ओळख करून दिली. कॅन्ससमधलं डॉज सिटी हे गाव, आणि तिथला कायद्याचा रखवालदार मार्शल मॅट डिलन. ही भूमिका आर्नेसने वीस वर्षं केली. 635 भाग! 1957 ते 1961 अशी चार वर्षं ती अमेरिकेतली सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. 1967 मध्ये ती बंद करायचं ठरलं होतं, तो निर्णय वाहिनीने मागे घेतला आणि ती 1975 पर्यंत चालली.

आता गंमत बघा. मालिकेत मार्शलचा मदतनीस चेस्टर एक पाय ताठ ठेवून लंगडत चालतो. ती भूमिका करणारा डेनिस वीव्हर अंगाने धडधाकट, 1948 च्या ऑलिंपिक निवड चाचणीत डेकॅथलॉनला उतरलेला. लंगडणं हा त्याचा अभिनय. आणि शेजारी उभा मार्शल, ज्याचा पाय खरोखरच गोळ्यांनी फुटलेला, तो ताठ. घोड्यावर बसलं की कळ यायची, तरी घोडदौडीचे प्रसंग चालूच. 1959 चा एमी पुरस्कार चेस्टरला मिळाला. आर्नेसला तीनदा नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही.

यावरून कोणी म्हणेल, दुखणं लपवणं हेच शौर्य. मला तसं वाटत नाही. दुखणं होतं ते होतंच, 3 जून 2011 रोजी वयाच्या 88 व्या वर्षी तो गेला तोपर्यंत राहिलं. फरक पडला तो हाताला काम असल्यामुळे, आणि ते काम सुचवणारं कोणीतरी खाटेशी वेळेवर आल्यामुळे.

म्हणून मंडळी, एक विनंती. तुमच्या घरात, गावात, सोसायटीत जखमी होऊन परतलेला जवान असेल, तर त्याला "सगळं ठीक होईल" एवढंच सांगून निघू नका. बसा, त्याला काय येतं ते विचारा आणि एखादं तरी नेमकं काम सुचवा. मला ते तेव्हा जमलं नाही. तुम्हाला जमेल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.