समुद्रशेवाळ आणि जठरातील व्रण

वारणानगर परिसरातील ऊसबागायतदारास समुद्रशेवाळ आता अपरिचित राहिलेले नाही. त्याचा अर्क पिकांवर फवारला जातो. २०२१ साली अशा जैव-उत्तेजकांचा खत नियंत्रण आदेशात समावेशही झाला. तथापि याच शेवाळातील काही द्रव्ये जठरातील व्रणांवर, म्हणजे अल्सरवर, पारखून पाहिली जात आहेत, ही गोष्ट फारशी ज्ञात नाही.

जठरव्रणाची प्रमुख कारणे दोन होत. पहिले, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियातील वॉरेन व मार्शल यांनी १९८२ साली त्याचा छडा लावला व २००५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे, वेदनाशामक गोळ्यांचे वारंवार सेवन. तोडणीच्या हंगामात कंबरदुखीसाठी रोज गोळी घेणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

कोकण किनाऱ्यावरील खडकांवर सरगॅसम हे तपकिरी शेवाळ वाढते. तपकिरी शेवाळात अल्जिनेट व फ्युकोइडान ही द्रव्ये असतात. अल्जिनेटचा आम्लात दाट थर बनतो. म्हणून छातीतील जळजळीवरील औषधांत ते वापरतात. फ्युकोइडान या जंतूस जठराच्या अस्तराला चिकटण्यास अटकाव करते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे.

परीक्षेची रीत शेतकऱ्यास सहज उमजेल. पिकाच्या चाचणीत एक वाफा उपचाराविना राखतात, तसा उंदरांचा एक गट औषधाविना ठेवतात. दुसऱ्यास प्रचलित औषध व इतरांस शेवाळद्रव्याच्या कमीअधिक मात्रा देतात. त्यानंतर वेदनाशामक देऊन किंवा जठराचे खालचे तोंड बांधून व्रण उत्पन्न करतात आणि ते मोजून गटागटांची तुलना करतात. वारणानगर येथेही औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. त्या पदवीच्या अभ्यासक्रमात या चाचणीचा अंतर्भाव आहे.

परंतु एका वाफ्यातील यशावरून साऱ्या तालुक्यास बियाण्याची शिफारस होत नाही. तोच न्याय येथेही लागू आहे. शिवाय सर्वच शेवाळद्रव्ये हितकर नसतात. तांबड्या शेवाळातील कॅरॅगीननचे विघटित रूप दिल्याने गिनीपिगच्या मोठ्या आतड्यात व्रण पडल्याचे १९६९ साली प्रसिद्ध झाले.

म्हणून फवारणीचा अर्क पिकासाठीच वापरावा; तो पोटात घेऊ नये. जंतुजन्य व्रण प्रतिजैविके व आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी बरा होतो. पोटदुखी वारंवार होत असल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. डांबरासारखे काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.