रोजच्या अंगाला वाळ्याचा वास

आज जरा संकोचाचा विषय काढते. आपल्या एका ऐकणाऱ्या ताईंनी निरोप धाडला होता. त्या शेतातून थेट गटाच्या बैठकीला येतात आणि घामाचा वास येईल म्हणून दाराशीच बसतात. गटाचा हिशेब त्यांच्याकडे, पण तो वाचायला पुढं जात नाहीत. रोज वापरायला परवडेल असं काही सांगा, म्हणाल्या.

ताई, आधी एक ऐका. ताज्या घामाला फारसा वास नसतोच. काखेतला घाम जरा वेगळा, चिकटसर असतो. कातडीवरचे जंतू तो खातात आणि मग वास सुटतो. म्हणून न धुतलेल्या काखेवर नुसतं अत्तर लावलं, तर दोन्ही वास एकत्र होऊन तिसराच तयार होतो! एसटीत आपण सगळ्यांनीच तो घेतलाय.

म्हणजे पहिलं काम जंतूंचं. त्याला तुरटी पुरते. आंघोळीनंतर ओल्या काखेत तुरटीचा खडा हलका फिरवायचा, वाळू द्यायचं, मग ब्लाउज घालायचा. एक खडा कित्येक महिने जातो. केस काढले असतील त्या दिवशी किंवा कातडी सोललेली असेल तर लावू नका, झोंबते. लिंबू चोळायचा सल्लाही कुणी देईल. तो ऐकू नका. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात.

आणि ब्लाउज बघा. पॉलिस्टरचं कापड वास धरून ठेवतं, सुती लवकर सोडतं. धुतल्यावर उलटा करून काखेची बाजू कडक उन्हात वाळवा. निम्मा वास तिथंच जातो, असा माझा अनुभव.

आता सुगंध. मी स्वतः एकदा बाजारातून स्वस्तातली स्प्रेची बाटली आणली. दुसऱ्या दिवशी मानेवर पुरळ, आणि वास तर दुपारपर्यंतही टिकला नाही. तेव्हा वाळा आठवला. आपल्या आजीच्या माठात असायचा तोच, दिवाळीच्या उटण्यातलाही तोच. लिंबा-संत्र्याचा वास हलका, चटकन उडून जातो. वाळ्याचं तेल जड, हळूहळू उडतं, म्हणून त्याचा मंद वास रेंगाळतो. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा, स्वच्छ.

काष्ठौषधीच्या दुकानात वाळ्याची मुळं सुटी मिळतात. मूठभर मुळं दोन-तीन पाण्यांनी धुवा, माती निघून गेली पाहिजे. रात्री तांब्याभर पाण्यात भिजत घाला. सकाळी गाळून ते पाणी आंघोळीच्या शेवटी अंगावर घ्या. मुळं सावलीत वाळवून आणखी दोन-तीनदा चालतात. वास कमी झाला की कोरडी जुडी बांधून लुगड्यांच्या घडीत ठेवा. सगळ्यात जास्त उपयोग मला याचाच झाला, कारण वास अंगापेक्षा कपड्यात टिकतो.

एक मात्र स्पष्ट सांगते. खालच्या नाजूक जागी तुरटी, अत्तर, पावडर काहीही लावायचं नाही. तिथं नेहमीपेक्षा वेगळा वास, खाज किंवा पांढरं जाणं असेल तर तो आजार असू शकतो. वासावर वास चढवून तो लपतो, बरा होत नाही. सरळ दवाखान्यात जायचं, आशाताईंना सोबत घ्या.

वाळा घरीही लावता येतो. बांधावर किंवा मोरीच्या पाण्यावर त्याचं बेट छान वाढतं, मुळं सरळ खोल जातात आणि बांधाची मातीही धरून ठेवतात. मुळं वासाची व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. काढताना बेटाचा एक भागच खणा, आणि वरचा फुटवा कापून पुन्हा तिथंच लावा.