जिप्सम टाकले, तरी चोपण का हटेना?



मागे एका गटात आम्ही लागणीची पाहणी करीत होतो. एक जुने सभासद बांधावर उभे राहून म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणता रानात क्षार वाढले, आणि वर सांगता जिप्सम टाका. जिप्सम तरी काय, क्षारच की!" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अणूंच्या देण्याघेण्यात आहे.

घरातल्या मिठापासून सुरुवात करू. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात; आत दोन, मग आठ, आणि अगदी बाहेरच्या फेरीत एकटा एक. क्लोरीनकडे १७, बाहेरच्या फेरीत सात, म्हणजे आठाला एक कमी. सोडियमचा तो एकटा क्लोरीनकडे जातो. इलेक्ट्रॉनवर ऋण भार असतो, म्हणून देणारा सोडियम धन भाराचा होतो व घेणारा क्लोरीन ऋण भाराचा. अशा भारित अणूस आयन म्हणतात. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात. हाच आयनिक बंध. यात जोडीजोडीचा संसार नसतो बरं का. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. पकड इतकी घट्ट की मीठ वितळायला सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमान लागते. आणि तेच मीठ तांब्याभर पाण्यात घटकेत विरघळते, कारण पाण्याचे रेणू एकेका आयनाला वेढा घालून खड्यापासून सोडवून नेतात.

आता आपल्या काळ्या रानात या. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे धन भाराचे आयन त्यांना चिकटून बसतात. चांगल्या जमिनीत तेथे मुख्यतः कॅल्शियम असतो. त्याने दोन इलेक्ट्रॉन दिलेले, म्हणून त्याचा भार दुप्पट. तो कण आवळून धरतो, रान भुसभुशीत राहते. सोडियमचा भार एकच, आणि भोवती पाण्याचा गोतावळा मोठा. कण सुटे होतात. ओले असता चिखल, वाळले की दगड. कणांना चिकटलेल्या या आयनांत सोडियम शेकडा १५ च्या वर गेला की जमीन चोपण धरतात.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ओलीत विरघळले की त्यातला एक कॅल्शियम दोन सोडियमना उठवून स्वतः तेथे बसतो. उठलेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात उतरतो. म्हणजे क्षार क्षाराला मारीत नाही, फक्त बसणारा बदलतो. कागदावरच्या हिशेबाने १७२ किलो शुद्ध जिप्सम ४६ किलो सोडियम उठवते. मात्र हजार लिटर पाण्यात ते जेमतेम अडीच किलो विरघळते, म्हणून बारीक दळलेले घेऊन वरच्या थरात मिसळावे. सरीत ढीग ओतून भागत नाही.

खरी मेख पुढेच आहे. उठलेला सोडियम जाणार कुठे? चर नसेल तर तो तिथेच मुरतो आणि उन्हाळ्यात ओलीबरोबर पुन्हा वर येतो. त्या सभासदांच्या रानात हेच झाले होते. दोन वर्षे जिप्सम पडले, चर एकही नाही. आधी चर, मग जिप्सम, हे आम्हीच त्यांना ठासून सांगायला हवे होते. ते राहून गेले.

नुसत्या खारवट जमिनीची गोष्ट निराळी. वर पांढरा थर दिसतो, पण मातीच्या कणांवर सोडियम फारसा बसलेला नसतो. तेथे जिप्समवर पैसे घालू नयेत. निचरा काढून गोड्या पाण्याने क्षार धुवावेत. डोळ्यांनी हा फरक ओळखणे कठीण, म्हणून जिप्समची मागणी नोंदविण्याआधी मातीचा नमुना गट ऑफिसात आणून द्यावा.