स्वतःच्याच घड्याळाची चोरी

कायदा कळताना : लेखांक ८

घड्याळजीकडे तुम्ही घड्याळ दुरुस्तीला टाकलंत. घड्याळ चालू झालंय, मजुरी मात्र द्यायची राहिलीय. ‘आधी पैसे, मग घड्याळ,’ असं तो म्हणतो. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतलेला पाहून तुम्ही घड्याळ हळूच उचलता आणि खिशात टाकता. घड्याळ तुमचंच, तरी गुन्हा चोरीचा! हे उदाहरण माझ्या पदरचं नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेत ते होतं आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. आपल्या तोंडी अजून ‘तीनशे एकोणऐंशी’च बसलंय, आता चोरीचं कलम ३०३.

चोरी म्हटलं की ‘वस्तू कोणाची?’ असं आपण विचारतो. कायदा विचारतो, ‘ताबा कोणाचा होता?’ आणि त्याला जोडून, ‘उचलणाऱ्याची नियत काय होती?’ वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, हेतू अप्रामाणिक असावा आणि त्या हेतूने वस्तू जागची हलवलेली असावी. या पाचांतलं एक जरी निसटलं, तरी चोरी सिद्ध होत नाही. घड्याळजीचं काहीच देणं नसताना तुम्ही दुकानात शिरून उघडपणे घड्याळ हिसकावून घेतलंत, तर मारहाणीचा किंवा आगळिकीचा गुन्हा होईल, चोरीचा नाही. मित्राच्या कपाटातलं पुस्तक ‘तो नाही म्हणणार नाही’ अशा खऱ्या समजुतीने वाचायला नेलं, तर तीही चोरी नव्हे. रस्त्यावर पडलेली अंगठी कोणाच्याच ताब्यात नसते, म्हणून ती उचलणंही चोरी नाही. पण मालक शोधायचा सोडून ती पचवलीत, तर अपहाराचं कलम ३१४ लागू शकतं : किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं कैद आणि दंड.

झाड जमिनीत उभं आहे तोवर ते जंगम नाही. चोरून न्यायच्या इराद्याने ते तोडलं, की तोडताक्षणीच चोरी झाली. ट्रकमध्ये भरेपर्यंत थांबावं लागत नाही.

‘परत ठेवणारच होतो’ हा बचाव आपल्याकडे फार जुना. १९५२ साली जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतल्या एका कॅडेटने परवानगीवाचून हार्वर्ड विमान उडवलं आणि तो साथीदारासह पाकिस्तानात उतरला. १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चोरीच ठरवली. वस्तू कायमची लाटायचा बेत असायलाच हवा असं नाही. आणखी एका खटल्यात एका सरकारी कर्मचाऱ्याने कचेरीतली फाइल घरी नेली, मित्राला दाखवली, दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवली. तीही चोरीच ठरली.

आता शिक्षा. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पुन्हा दोषी ठरला, तर किमान एक आणि कमाल पाच वर्षं सश्रम कारावास, शिवाय दंड. पण चोरी कुठे आणि कशी झाली, यावर हा आकडा चढत जातो. बाजारात खिसा कापला तर तीन वर्षांचं कलम. तेच पाकीट धावत्या एसटीत मारलं तर कलम ३०५ लागू शकतं, म्हणजे सात वर्षांपर्यंत. राहत्या घरातली किंवा गोदामातली चोरीही याच कलमात. देवळाबाहेरच्या चपला कलम ३०३मध्ये, गाभाऱ्यातली मूर्ती ३०५मध्ये. नोकराने मालकाचा माल लांबवला तर कलम ३०६, तिथेही सात वर्षं.

गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावून पळणाऱ्यासाठी मूळ दंड संहितेत वेगळं कलम नव्हतं. न्याय संहितेने ३०४ आणलं : तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इथे ‘किंवा’ नाही, हे लक्षात घ्या. नुसत्या दंडावर सुटका नाही. चोरीसाठी मारहाण केली किंवा जिवाची भीती घातली, की ती जबरी चोरी होते : दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास. आणि जबरी चोरीत पाच किंवा अधिक जण सामील असले, की दरोडा. तिथे जन्मठेपही होऊ शकते.

दुसऱ्या टोकाला कायदा मऊ झालाय. चोरलेला माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा तुरुंगाची नाही, सामुदायिक सेवेची. एरवी चोरी दखलपात्र आणि अजामीनपात्र. या सवलतीत बसणारी मात्र अदखलपात्र आणि जामीनपात्र. म्हणून फिर्याद देताना वस्तूची किंमत अंदाजाने ठोकू नका. बिल असेल तर जोडा, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक द्या. किमतीच्या त्या एका आकड्यावर पोलिसांना तपास आपणहून हाती घेता येईल की आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी लागेल, हे ठरू शकतं.

राहता राहिला आपला घड्याळजी. त्याची मजुरी आधी चुकती करा. तेवढ्या पैशांत घड्याळही तुमचं, ताबाही तुमचा.

(पुढील आठवड्यात : स्वस्तात मिळालेला सेकंडहँड मोबाइल चोरीचा निघाला तर?)