अंतिम सामने – 11 : चषक एक, धनी दोन

कूपरेज मैदान आणि फुटबॉलचा रोव्हर्स चषक या आठवड्यात नाहीत. कबूल केलं होतं खरं, पण तासगावकडच्या एका जुन्या वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. ते विचारतात, ‘मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे फुटबॉल संघ फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात भिडले आणि दोघेही जिंकले, असं ओझरतं लिहून तुम्ही पुढं गेलात. आमच्याकडं जत्रेत असं झालं तर माणसं पंचांना घेराव घालतील. ही नूरा, म्हणजे आधीच ठरवलेली, कुस्ती होती का?’

नूरा नव्हती. पण प्रश्न असा आहे की त्यावर आजचा अख्खा भाग खर्च करतो.

हे एकदा नाही, वारंवार घडलं. फेडरेशन चषक 1977 मध्ये सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी, 1978 ला कोइमतूरला, हे दोघे संयुक्त विजेते ठरले. 1980 ला कलकत्त्यात 1-1 झालं, पुन्हा चषक वाटून घेतला. ड्युरँड चषकातही 1960 आणि 1982 ला हेच. 1960 चं सोडा, पण नंतर नियम नव्हता म्हणावं तर पेनल्टी शूटआउट 1970 पासून होतं. 1976 ला चेकोस्लोव्हाकियानं पश्चिम जर्मनीला हरवून युरोपचं अजिंक्यपद त्यावरच मिळवलं होतं. तरी आपल्याकडं संयोजक हात आखडता घेत. याच दोन संघांच्या लीग सामन्यात 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर 16 प्रेक्षकांचे जीव गेले, हे आठवलं की चषक वाटून घेणाऱ्यांवर मला फारसं रागावता येत नाही.

आता वाचकांच्या जत्रेकडं वळू. कुंडलचं मैदान असो की पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं, हलगी कडाडते ती निकाली कुस्तीसाठी. पाठ मातीला लागली की विषय संपला. जोड तुल्यबळ असली आणि दोघेही नुसतेच हात अडकवून उभे राहिले, की पंच वेळ देतात, मग गुणांवर कुस्ती लावतात. तरीही काही झालं नाही तर बरोबरीत सोडवतात. म्हणजे संयुक्त विजेते आपल्याही घरचेच. फक्त आपण त्यांना विजेते म्हणत नाही.

महाराष्ट्र केसरीची गोष्ट निराळी. 1961 ला औरंगाबादला सांगलीच्या दिनकर दह्यारींनी पहिला किताब घेतला. एका स्पर्धेत गदा एकच आणि ती मधोमध कापता येत नाही. आता अंतिम लढतीत माती विभागाचा विजेता गादी विभागाच्या विजेत्याशी लढतो. दोन पंथांचाच सामना म्हणा. एप्रिल 2022 ला साताऱ्यात मातीतून विशाल बनकर आला, गादीवरून कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील. पृथ्वीराज 5-4 नं जिंकला. एका गुणाचा फरक! ‘पाठ कुठं लागली?’ असं म्हणणारी जुनी मंडळी तेव्हाही होतीच.

पण गादीच्या नियमाची करामत बघा. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. कोणीच गुण घेत नसेल तर पंच बचाव करणाऱ्याला ताकीद देतात, तीस सेकंदांची मुदत लावतात. तेवढ्यात त्यानं गुण घेतला नाही, तर समोरच्याला एक गुण. म्हणजे 0-0 राहायची सोयच नाही. गुण समान झाले तर मोठ्या डावांचे गुण कुणाचे जास्त, ते पाहतात. तिथंही जमेना तर ताकिदी कुणाला कमी, तेही जमेना तर शेवटचा गुण कुणाचा. 1-1 वरसुद्धा एकाचाच हात वर होतो. आणि निकाल निघतो तो कुस्तीतूनच. शूटआउटमध्ये मात्र अकरा जणांचा दोन तासांचा खेळ थांबवून एकाला गोलरक्षकासमोर उभं करतात. तो फुटबॉलचा एक तुकडा आहे, सामना नव्हे.

याची किंमतही असते. गुण पंचांच्या हातात गेले की वाद पंचांच्या दारात जातो. जानेवारी 2023 ला पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत महेंद्रच्या टांग डावाला चार गुण द्यावेत का, यावर गावोगावच्या पारांवर पंचायत बसली होती. चितपट झाली असती तर हा वाद निघालाच नसता.

तर तासगावकर, माझा कौल असा : चषक वाटणं ही फसवणूक नव्हे, पण प्रेक्षकाचं देणं बुडवणं जरूर आहे. ते देणं फेडायची रीत फुटबॉलपेक्षा कुस्तीनं चांगली शोधली आहे. कुणाला हे पटत नसेल तर अवश्य लिहा, पण रोव्हर्सचा भाग वाचून झाल्यावर. तो पुढच्या आठवड्यात.