मिठाच्या गर्दीतलं पाणी

मुलांनो, चिरनेरहून उरणच्या बाजूला गेलात, तर मिठागरातल्या काकांना विचारून वाफ्यात एकदा बोट बुडवा. बोट सुकलं की पांढरंशुभ्र होतं! समुद्राच्या 1 लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ. वाफ्यात पाणी आटत आटत मीठ खाली बसायला लागतं, तेव्हा तेच प्रमाण जवळजवळ दसपट झालेलं असतं.

आता विजेकडे येऊ. वीज साठवणाऱ्या आणि पटकन चार्ज होणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये दोन पट्ट्या असतात आणि मधे एक द्रव. बऱ्याचदा तो पेट घेणारा असतो. मग पाणी का नको? पाणी पेटत नाही, शिवाय स्वस्त. पण 1.23 व्होल्टच्या पुढे ते फुटू लागतं. ताईदादाला सोबत घ्या, पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली त्यात उभ्या करा आणि वरची टोकं तारेनं 9 व्होल्टच्या बॅटरीला जोडा. शिशाभोवती बुडबुडे जमतात, एकीकडे जास्त, एकीकडे कमी. (मीठ मात्र घालू नका, विषारी क्लोरीन निघतो.) ते फुटलेलं पाणी!

व्होल्ट दुप्पट झाले की साठणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून तर पाण्याला न फुटता टिकवायची एवढी धडपड.

2015 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी गंमतच केली. 1 किलो पाण्यात त्यांनी लिथियमचं एक मीठ तब्बल 6 किलो विरघळवलं! पाण्याचा जवळजवळ प्रत्येक कण मिठाच्या कणांना धरून बसला, फुटायला मोकळा उरलाच नाही. पट्टीवर एक पातळ संरक्षक थरही बसला. पाणी 3 व्होल्टपर्यंत टिकलं.

दुसरी युक्ती तुमच्या फालुद्यात आहे. भिजलेला सब्जा बघा: काळ्या बीभोवती पारदर्शक गोळा. लांबच लांब साखळ्यांनी तिथं पाणी पकडून ठेवलेलं असतं. त्यालाच जेल म्हणतात. असा जेल सांडत नाही, वाकतोसुद्धा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जेल घातलेले, वाकणारे सुपरकपॅसिटर बनवले आहेत.

दोन्ही युक्त्या एकत्र केल्या की झालं? नाही ना! मिठाची गर्दी फार झाली की जेल घट्ट होतो आणि विजेचे कण रखडतात. ते लिथियमचं मीठ महागही फार. म्हणून आता स्वस्त मिठांचा शोध चालू आहे.

तुम्ही आज एक चमचा सब्जा भिजवा. तो किती चमचे पाणी धरतो, ते मोजा आणि आम्हाला पत्रानं कळवा.